हवालदारकाकांची काडतुसं

आमच्या शूटिंग क्लबच्या ऑफिसातल्या फ्रीजरमध्ये, माझ्या सुरमईच्या डब्याला टेकून, जूनमधल्या एका सकाळी मला बंदुकीची काडतुसं सापडली. स्टीलच्या डब्यात नीट ओळीने उभी केलेली, डब्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली आणि पिशवीवर मार्करने मराठीत लिहिलेलं, 'हात लावू नये. खायचे नाही.'

क्लबमध्ये मराठी वाचणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे हे लिहिणारे हवालदारकाका. म्हणजे ती सूचना माझ्या एकटीसाठीच होती.

मी त्यांच्या खोलीकडे गेले. दाराच्या कडीला लाल फडकं बांधलेलं होतं. ते फडकं असलं की आत जायचं नाही, हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. क्लबचे मालकसुद्धा अशा वेळी बाहेर मोबाइल बघत उभे राहायचे. आत काका दारूचं वजन करत असायचे, म्हणजे बंदुकीच्या दारूचं. वाऱ्याने तराजूचा काटा हलतो म्हणून ते एसी बंद करायचे आणि दुबईच्या उत्तरेकडच्या उम्म अल कुवैनच्या त्या उकाड्यात, बनियनवर, कपाळाला पंचा बांधून बसायचे. घामाचा थेंब पारड्यात पडू नये म्हणून पंचा.

फडकं निघाल्यावर मी विचारलं, "काका, फ्रीजरमध्ये काय ठेवलंय?"

"काडतुसं."

"ते दिसलं मला. कशाला?"

"आगं, तिकडं आफ्रिकेत आता थंडी हाय. हितल्या भट्टीत नीट चालणारं काडतूस तिकडं गारठल्यावर कसं वागतंय, ते बगाय नको?" मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या मासळीला काय करत न्हाईत ती."

आमचा शूटिंग क्लब गावाबाहेर, हायवे आणि वाळू यांच्या मध्ये. मी रिसेप्शन आणि अकाउंट्स दोन्ही बघते. काका तिथले आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे आणि सांभाळणारे. मूळचे पाटणच्या डोंगरातले. उमेदीची वर्षं फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात गेली, हवालदार म्हणून रिटायर झाले, मग दुबईत अल क्वोजमधल्या एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून आले आणि तिथून आमच्याकडे. काकी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. गावाकडे म्हातारी आई होती आणि शेजारी चुलतभावाचं घर.

मी श्रीवर्धनकडची. घरी आमची कोकणी बोली, नवऱ्याशी निम्मं हिंदी, आणि मुलगी काहीही विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये देते. शाळेत शिकलेली मराठी माझ्याकडे उरली होती ती फक्त काकांशी बोलण्यापुरती. सकाळी शटर वर गेलं की ते काउंटरपाशी येऊन विचारायचे, "झोप लागली का गं पोरी?" एवढं एक वाक्य ऐकलं की माझा दिवस सुरू व्हायचा. इतर लोक 'गुड मॉर्निंग' म्हणतात. झोप लागली का, हे कुणी विचारत नाही.

त्यांची मराठी मला एकदा महागात पडली होती. रमजानचे दिवस, रिसेप्शनला गर्दी, आणि काकांनी इंटरकॉमवर, स्पीकर चालू असताना, मोठ्याने सांगितलं, "पोरी, दारू संपत आली, मागवून ठेव." काकांना एका कानाने कमी ऐकू यायचं, फौजेतल्या आवाजांनी, म्हणून ते सगळं ओरडूनच बोलायचे. आमच्या कॅफेटेरियाचा मल्याळी माणूस त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे दुःखाने बघत असे. शेवटी मी त्याला काकांच्या खोलीत नेऊन दारूचा डबा दाखवला, तेव्हा कुठे त्याने मला पुन्हा चहा हसून दिला.

गिऱ्हाइकांशी तर ते अजूनच विचित्र वागायचे. क्लबचे काही मेंबर दरवर्षी परदेशात शिकारीला जातात. पोलिसांची परवानगी असल्यामुळे आमच्याकडे हाताने काडतुसं भरून द्यायची सोय होती. एखादा मेंबर आला, गोळी कोणती, वेग किती, असलं बोलू लागला की काका ते ऐकून घ्यायचे आणि मग आपल्या फौजी हिंदीत दोन प्रश्न विचारायचे. "जानवर के कितना नजदीक जाते हो साहब?" आणि "गोली गलत लगी तो क्या करते हो?" पहिल्या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी चालायचं. दुसऱ्याला 'मी चुकत नाही' असं कुणी म्हणालं की काका हात जोडायचे. "फिर आप बाजार का डब्बा ले लो. खलास." मालकांकडे तक्रारी यायच्या. मालक माझ्याकडे बघायचे, मी छताकडे.

हे प्रश्न कुठून आले, ते मला थोरल्या अरबाबांच्या रायफलमुळे कळलं.

अरबाब म्हणजे इकडच्या बोलीत मालक; थोरले अरबाब म्हणजे आमच्या मालकांचे वडील. लहानपणी ते बापाबरोबर मुंबईला येऊन-जाऊन असत, त्यामुळे त्यांची हिंदी अस्सल मुंबईची होती आणि त्यांना कांदाभजी हा शब्द येत होता. तारुण्यात वाळवंटात ससाणे घेऊन हिंडलेले, पुढे आफ्रिकेत शिकारीला जाणारे. अलीकडे पडल्यामुळे त्यांचा उजवा खांदा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बंदुकीला हात लावायचा नाही असं सांगितलं. त्यांनी मुलाला सांगितलं, अजून एकदा जायचं, मग बस. लांब रायफल खांद्याला पेलवेना, म्हणून मालकांनी एक हलकी, आखूड नळीची रायफल मागवली. ती घेऊन थोरले अरबाब स्वतः काकांच्या खोलीत आले. फडकं नव्हतं, तरी त्यांनी दारावर टकटक केली. काकांनी ते लक्षात ठेवलं.

"हवालदार, इसके लिए गोली बनाओ. कंधा भी बचे, जानवर भी तड़पे नहीं."

काकांनी रायफल हातात घेतली, नळीकडे बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्‌' केलं.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. मला त्यात फार गती होती असं नाही, पण काका माझ्याशी बोलत बोलत विचार करायचे. नळी आखूड झाली की गोळीला धावायला अंगण कमी पडतं. दारू आत पुरती जळत नाही, उरलेली नळीच्या तोंडाशी भडकते. आवाज मोठा, जाळ मोठा आणि गोळीचा वेग मात्र कमी. आता बाजारातल्या बऱ्याच गोळ्या वेगात बसल्या तरच आत जाऊन उमलतात आणि जनावर जागीच पडतं. सावकाश गेल्या तर मिटलेल्याच राहतात आणि सुईसारख्या आरपार जातात. जनावर पळतं, आणि कुठेतरी लांब जाऊन, कितीतरी वेळाने मरतं.

"मग दारू जास्त घाला ना," मी म्हटलं.

"आणि म्हाताऱ्याचा खांदा?"

तिथून पुढचे दोन महिने काका दुसऱ्या कशावर बोललेच नाहीत. कॅफेटेरियातून जुन्या मल्याळी पेपरांचे गठ्ठे आणायचे, पिंपात भिजत घालायचे, आणि ते ओले गठ्ठे, जनावराच्या अंगाच्या जागी, रेंजच्या टोकाला रचून त्यात गोळ्या झाडायचे. मग पातं घेऊन एकेक पान सोलत गोळी शोधायची. पहिल्यांदा त्यांनी खांद्याची फार काळजी घेतली. अगदी मऊ बार भरला, गोळी तांब्याची, टणक. ती गठ्ठ्यांतून गेली तशीच्या तशी बाहेर आली, जणू आत्ताच डब्यातून काढली आहे. मालकांनी ती बघून सांगितलं, हा बार चालणार नाही. काकांनी कबूल केलं नाही. पेपर नीट भिजले नव्हते, म्हणाले. दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन काउंटरवर ती गोळी ठेवली. "पेपर भिजलं हुतं," एवढंच म्हणाले आणि गेले.

मग पातळ कवचाच्या, नाकाशी शिसं उघडं असलेल्या गोळ्या आल्या. वजनाने मधल्या. नळीत लवकर जळून जाईल अशी दुसरी दारू आली. थोडं वाढव, थोडं कमी कर, गरम कर, गार कर. माझ्या सुरमईशेजारचा डबा तेव्हाचाच. थोरले अरबाब मधून मधून येऊन खांद्याला उशी लावून एखादा बार काढायचे आणि चेहरा न हलवता म्हणायचे, "थोड़ा कम." काका मान डोलवायचे.

एका दुपारी ते माझ्यापाशी आले आणि तळहात उघडला. गोळीचं नाक चारी बाजूंनी मागे वळून चाफ्यासारखं उमललं होतं.

"ह्ये बग," ते म्हणाले. "आता जनावराला कळायचं बी न्हाई."

मी विचारलं, "काका, तुम्ही कधी शिकार केली आहे?"

"न्हाई. फौजेत बी कुणावर चालवली न्हाई. नीट करायच्या आणि दुसऱ्याच्या हातात द्यायच्या." मग ते स्टूल ओढून बसले. त्या दिवशी रिसेप्शनला कुणी नव्हतं.

त्यांच्या वडिलांकडे शेतराखणीची परवान्याची बंदूक होती, ठासणीची. नाचणी आणि भात रानडुकरं एका रात्रीत नासून टाकायची, म्हणून सरकार परवाने द्यायचं. एकदा संध्याकाळी वडिलांनी डुकराला बार टाकला. लागला, पण नीट लागला नाही. डुक्कर कारवीच्या रानात शिरलं. वडील घरी आले, सकाळी बघू म्हणाले. सकाळी काकांची आई गवताला गेली, आणि त्या जखमी डुकराने तिला पाडलं. मांडी फाटली. ती वाचली, पण पाय कायमचा आखडला.

"मी लहान हुतो. पर येवढं कळत हुतं. अर्धवट मारून घरी येऊन जेवला त्यो," काका म्हणाले. 'त्यो' म्हणजे वडील. "त्येच्याशी मी पुढं धड बोललोच न्हाई. फौजेत गेलो त्ये बी त्येच्यामुळंच. मेला तवा मी सरहद्दीवर हुतो. रजा मिळत हुती. गेलो न्हाई."

मी चहा मागवला. काकांनी तो गुळाचा खडा घालून प्यायला, नेहमीप्रमाणे.

काडतुसं तयार झाली तेव्हा थोरल्या अरबाबांनी सांगितलं, हवालदारही बरोबर येणार. काका बिथरले. त्यांची गावी जायची रजा त्याच महिन्यात होती. माझ्या काउंटरवरूनच त्यांनी आईला फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"आये, मालक आफ्रिकेला न्यायला लागलाय."

"कशाला?"

"शिकारीला."

मग म्हातारी म्हणाली, "जा. पर मटान खाऊ नगंस. सरावण हाय."

परवान्यांचे कागद मी केले, व्हिसा मी केला, आणि विमानतळावर जाताना काकांना थंडीसाठी माझ्या नवऱ्याचा स्वेटर दिला. ते गेल्यावर ऑफिस फार शांत झालं. सकाळी शटर उघडून मी एकटीच बसायचे. माणूस पंधरा दिवसांसाठी गेलाय, परत येणार आहे, हे माहीत असूनही मला त्यांच्या नसण्याची धास्ती वाटायची. परदेशात राहणाऱ्याला ही सवय असते. कुणी रजेवर गेलं तरी मन पुढचं सगळं बघून घेतं.

ते परत आले ते स्वेटर धुऊन, घडी घालून. तिसऱ्या दिवशी कुणी नसताना स्टूलवर बसले.

सगळं ठरल्यासारखं झालं होतं. गार पहाट, काटेरी झुडपांचा डोंगर, आणि समोर कुडू. "आपल्या सांबरावानी, पर शिंगं पिळलेली, मळसूत्रागत." थोरल्या अरबाबांनी नेम धरला. आणि बार काढताना त्यांचा खांदा थरथरला.

"गोळी बरोबर हुती, पोरी. जागा चुकली. पोटात बसली. त्यो वाकला, आणि झुडपात गेला."

तिथल्या गोऱ्या गाईडने सांगितलं, म्हाताऱ्यांनी गाडीत बसावं, आम्ही शोधतो. थोरले अरबाब दगडावर बसले होते, चालायची ताकद नव्हती. त्यांनी ती आखूड रायफल काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू जा. मेरी तरफ से."

काकांनी ती घेतली. झुडपात जखमी जनावर आहे, आणि आपण आत शिरायचं. काका म्हणाले, डोळ्यांसमोर सारखी आईची मांडी येत होती. पण ते गेले. रक्ताचा माग काढणारा एक स्थानिक माणूस पुढे, हे मागे. दुपार झाली, ऊन कललं. माग हरवायचा, पुन्हा सापडायचा. गाईड म्हणाला, उद्या बघू. काका म्हणाले, "कल नहीं." गाईडला हिंदी येत नव्हती, पण समजलं.

ओढ्याच्या काठी तो कुडू बसलेला सापडला. बसला होता, मान वर होती. काकांकडे बघत होता.

"मग?" मी विचारलं.

"मंग मी संपवलं." काकांनी हाताकडे बघितलं. "जवळ जाऊन. येका गोळीत. कायबी तरास झाला न्हाई त्येला. मंग मी तितंच बसून ऱ्हायलो. माग काढणाऱ्या त्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्येची भाषा मला येत न्हाई. पर त्यो कायतरी बोलत ऱ्हायला."

एवढं सांगून ते उठले आणि माझ्यासमोरच आईला फोन लावला. स्पीकर चालू. मी उठून जायला लागले, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

"आये, जनावर जखमी झालं हुतं. मी माग सोडला न्हाई. दिवसभर हुडकलं आणि मारलं."

"बरं केलंस."

"मी त्येच्यागत घरी येऊन जेवलो न्हाई."

म्हातारी म्हणाली, "कुणागत?"

"बा."

"आरं, त्यो कुटं जेवला? तुला झोपवलं आणि कंदील घिऊन गेला. रातभर हुडकत हुता. वड्याच्या पलीकडं हुडकलं त्येनं, आणि ते अलीकडं बसलं हुतं. सकाळी माझं वरडणं ऐकून धावत आला त्यो, कंदील हातातच हुता."

काकांनी फोन काउंटरवर ठेवला.

"मला का न्हाई सांगितलं कुणी?"

"त्योच नगं म्हणला. माझी चूक हाय, पोराला कशाला सांगती, म्हणला."

म्हातारी फोन ठेवत नव्हती. मग तिनेच विचारलं, "ये की आता घरी. किती ऱ्हातोयस तिकडं?"

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मालकांनी पगार वाढवून देतो म्हटलं, तेव्हा काका हसले फक्त. थोरल्या अरबाबांनी अडवलं नाही. निरोपाच्या दिवशी ते दोघं काकांच्या खोलीत दार लावून बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. विमानतळावर मी गेले नाही. मुलीची परीक्षा होती, असं मी सांगितलं, आणि खरंच होती.

आता काडतुसं बाजारातून डब्यांत येतात. काकांची खोली स्टोअररूम आहे. नवीन आर्मरर फिलिपिन्सचा आहे, चांगला मुलगा आहे, एसी चालू ठेवतो. मी दिवसभर इंग्लिश आणि हिंदी बोलते, आणि मराठीतलं काही सुचलं तर मनातच ठेवते.

मागच्या थंडीत थोरले अरबाब व्हीलचेअरवरून क्लबमध्ये आले. बंदुका बघितल्या नाहीत. माझ्या काउंटरपाशी येऊन म्हणाले, "बेटी, हवालदार को फोन लगाओ."

पाटणच्या डोंगरात रेंज मिळणं नशिबाची गोष्ट. मी चार वेळा लावला, पाचव्यांदा लागला. मी स्पीकर चालू केला. काका ओरडूनच बोलले, थोरले अरबाबही. तब्येत कैसी है, ठीक है, आप की कैसी है, ठंड है क्या उधर, हां बहुत है, इधर भी है. बंदुकीचं, शिकारीचं कुणी काही काढलं नाही. मग दोघांचंही बोलणं संपलं आणि दोघंही नुसते फोनवर राहिले.

तेवढ्यात फोनमध्ये काकांच्या मागून आवाज आला. म्हातारीचा, कुठूनतरी आतून, खणखणीत. काका "आलो, आलो" म्हणाले आणि गेले. फोन बंद करायचा राहिला. कुठेतरी भांडं वाजलं. कोंबडी कलकलली. पाट ओढल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा, आणि म्हातारी काहीतरी सांगत राहिली, थांबून थांबून, तोंडात घास असल्यासारखी.

थोरल्या अरबाबांनी मला विचारलं, "क्या बोल रही है?"

"खाना ठंडा हो रहा है, बोल रही है. और भाजी में नमक कम है, ऊपर से ले लो."

त्यांनी मान हलवली. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी आपला म्हातारा, सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"रहने दो, बेटी," ते म्हणाले. "उनका खाना होने दो."